साहेब अडवणारा

आमच्या मेन्टेनन्समध्ये प्रत्येक ब्रेकडाउनला दोन माणसं लागत. एक मशीन दुरुस्त करायला आणि दुसरा साहेब अडवायला. वाळूजच्या कारखान्यात पहिला मी. दुसरा माझा जोडीदार, कन्नड तालुक्याकडचा. त्याच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. एक मेंढरू नको तिथं घुसलं की मागून सगळा कळप येतो हे त्याला ठाऊक, त्यामुळं साहेबलोकांशी त्याचं बरं जमायचं. तो इलेक्ट्रिक पॅनलला पाठ लावून उभा राही. पॅनलला कुलूप मागितलं होतं, ते मंजुरीत अडकलेलं. तोवर आमचं कुलूप म्हणजे हाच. "कधी होईल?" असं कुणीही विचारलं की त्याचं ठरलेलं उत्तर, "नाय सांगता येत."

या उत्तरावरून वरच्या मजल्यावर निष्कर्ष निघाला की मेन्टेनन्सवाल्यांची मानसिकता नकारात्मक आहे. मग पुण्याहून प्रशिक्षक आणले. त्यांनी कॅन्टीनमध्ये आम्हाला डोळे मिटायला लावलं, मोठमोठ्यानं हसायला लावलं. शेवटी जोडीदाराला पुढं बोलावून 'नाय' हा शब्द कायमचा सोडायची शपथ दिली. त्यानं ती घेतली. देवभोळा माणूस, शपथ म्हटल्यावर पाळणारच. मला तिथंच धास्ती वाटली.

जेवणाआधीच पत्रा दाबायची मोठी प्रेस अडकली. मी टॉर्च दातांत धरून तिच्या जबड्यात कोपरापर्यंत हात घातला. बाहेर साहेब आले. मागोमाग प्रशिक्षकही, पेरलेलं उगवलं का ते बघायला.

"कधी होईल?" साहेबांनी विचारलं.

"होतंय, साहेब," जोडीदार म्हणाला.

"म्हणजे झालंच ना?"

"व्हय, झाल्यातच जमा."

"मग सरक. चालू करतो."

मला सगळं ऐकू येत होतं. हात पटकन निघेना आणि तोंडातला टॉर्च टाकून ओरडावं हेही सुचेना. बायको, लेकरं, मोटारसायकलचा क्लच, सगळं एकदम आठवलं. मी भ्यालो, सरळच सांगतो. साहेबांचे बूट पॅनलकडे वाजले.

"नाय," जोडीदार म्हणाला. "आत माणूस हाय. मी हितनं हटणार नाय."

बूट थांबले.

संध्याकाळी बिल्ले वाटले. 'सकारात्मक कर्मचारी' हा बिल्ला मला मिळाला. एवढ्या ताणातही मी शांत होतो, तोंडातून चकार शब्द काढला नाही, असं प्रशिक्षकांनी सगळ्यांना कौतुकानं सांगितलं. शपथ मोडली म्हणून जोडीदाराला पुन्हा प्रशिक्षणाला बसायला सांगितलं.

सुटल्यावर मी त्याला गाड्यांपाशी गाठलं आणि बिल्ला त्याच्या खिशाला लावू लागलो. त्यानं बिल्ल्याकडं पाहिलंही नाही. माझा हात धरून उलटसुलट केला, एकेक बोट वाकवून बघितलं.

"कुठं लागलं तर नाय ना?"

"नाय," मी म्हणालो, आणि तिथंच गाड्यांच्या रांगेत मला रडू आलं.