वजन तेच, अठ्ठावन्न

"फुप्फुसांत पाणी भरलंय. पल्मनरी इडिमा," एक्स-रे उजेडाला धरून डॉक्टर म्हणाले.

"शक्यच नाही," मी म्हटलं. डॉक्टरांना असं तोंडावर बोलू नये, पण बोलून गेले.

माझे वडील, आबा, दीड वर्षापासून हीमोडायलिसिसवर आहेत. मूत्रपिंडं काम करत नाहीत, म्हणून आठवड्यातून तीनदा मशीन त्यांचं रक्त साफ करतं आणि साठलेलं पाणी काढतं. किती काढायचं ते 'ड्राय वेट'वरून ठरतं, म्हणजे अंगात जादा पाणी नसतानाचं वजन. आबांचं अठ्ठावन्न किलो. सुरुवातीलाच ठरलेलं.

आमच्या घरात पहिली पदवी माझी, बी.एस्सी. त्यामुळे आबांच्या पाण्याचा कारभार माझ्याकडे. पाण्याची बाटली मापाची, वरण वाटीने, कढी बंद. दर डायलिसिसनंतर काटा बरोबर अठ्ठावन्नवर. टेक्निशियन म्हणायचा, "दीदी, पापाजी का वजन एकदम बढ़िया!" मला बरं वाटायचं.

दिवाळीनंतर आबांची भूक गेली. अर्धी पोळी संपेना. आई घाबरली की मी तिलाच समजवायचे, "अगं, वजन कुठे घटलंय?" मग जिना चढताना त्यांना धाप लागू लागली. गोळ्या वाढवूनही बीपी उतरेना. त्या सकाळी तर बसल्या जागी श्वास पुरेना. लष्कर भागातल्या आमच्या घरापासून इस्पितळापर्यंत ऑटोत त्यांनी माझं मनगट सोडलं नाही.

डॉक्टरांनी आबांचे घोटे दाबून पाहिले, मानेची फुगलेली शीर पाहिली. मग आईला विचारलं, "यांची पँट सैल झालीय का?"

"हो, पट्ट्याला दोन नवी भोकं पाडली मी."

तरीही मला कळेना. तेव्हा त्यांनी सांगितलं. खाणं तुटल्यामुळे आबांच्या अंगावरचं मांस झडलं होतं. जेवढं मांस गेलं, तेवढं पाणी भरलं. काट्याला दोन्ही सारखंच. आम्ही मात्र अठ्ठावन्न आले की खूश.

मी आबांना बुडवत होते, मापाची बाटली हातात घेऊन.

सगळं पाणी एकदम काढता येत नाही. बीपी कोसळतं, पायांत गोळे येतात. ऑक्सिजन लावून, जादा डायलिसिस करून थोडं थोडं काढलं. डॉक्टरांचे उपकार मी विसरणार नाही.

तुमच्या घरी कुणी डायलिसिसवर असेल तर ऐका. ड्राय वेट कायमचं नसतं. भूक गेली, कपडे सैल झाले, तर काटा हलला नसला तरी डॉक्टरांना लगेच सांगा. मी शिकलेली, विचारायला लाजले नसते. विचारायचं सुचलंच नाही.

सहाव्या दिवशी काटा चौपन्नवर आला. चेहऱ्याची सूज उतरली आणि गालांची हाडं वर आली. दंड माझ्या मनगटाएवढा. इतका वाळलेला माणूस रोज आमच्या पंगतीला बसत होता आणि आम्हाला दिसला नव्हता.

"अशी बघतेस काय? भूक लागलीय मला," आबा म्हणाले. ऑक्सिजनशिवाय, एका दमात.