दुसरं रीळ आधी

डोंबिवली ते बदलापूर हा काही कोणी मुद्दाम करावा असा प्रवास नाही, हे मलाही कळतं. हिमाचल, केरळ झालं आणि आता ही बाई बदलापूर काय घेऊन बसली, असं तुम्हाला वाटेल. पण सगळ्यात लक्षात राहिलेला प्रवास कोणता असं विचारलंत तर माझं उत्तर हेच. ऐंशीचं दशक संपत आलेलं, आमचं लग्न नवंनवं, एक निळी स्कूटर, आणि माझ्या मांडीवर सिनेमाच्या रिळांची रेक्झिनची पिशवी.

निमित्त होतं मधूमामांच्या वर्षश्राद्धाचं. शरदचे हे मामा. (तेव्हा मी नवऱ्याला 'अहो' म्हणायचे. ब्लॉगवर नाव घ्यायला कोण अडवतंय!) मामा सिनेमात होते, पण मोठे नट वगैरे नव्हेत. पाट्यांमध्ये त्यांचा नंबर 'आणि इतर'मध्ये लागायचा, आणि बहुतेक सिनेमांत ते मध्यंतराच्या आत मरायचे. कधी सुरा, कधी गोळी, एकदा तर विहिरीत ढकलले गेले. "मरावं तर मधूनं," असं त्यांच्या गावी, बदलापूरच्या कुळगावात, कौतुकाने म्हणत.

मामांना आईच्या मागे वाढवलं ते थोरल्या बहिणीने, आमच्या अक्कामावशींनी. त्यांनी भावाचा एकच सिनेमा पाहिला, तोही अर्धा, कल्याणला. मामांच्या पोटात सुरा गेला आणि अक्का अशा किंचाळल्या की थेटरवाल्याला दिवे लावावे लागले. तेव्हापासून त्यांनी सिनेमा वर्ज्य केला आणि एक रीत पाडली. मामा पडद्यावर मेले की त्यांनी कुळगावला येऊन उंबऱ्याबाहेर उभं राहायचं. अक्का भाकरतुकडा आणि पाणी ओवाळून टाकणार, "मेलास ना? ये आता आत," म्हणणार, आणि मगच पान वाढणार. मामांनी ही रीत शेवटपर्यंत पाळली. खरोखर गेले ते मात्र मुंबईच्या हॉस्पिटलात, आणि अक्का पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. नंतर वर्षभर त्या भावाबद्दल अवाक्षर बोलल्या नाहीत.

गावाने शाळेच्या हॉलमध्ये मामांचा एक सिनेमा दाखवायचं ठरवलं, तेव्हा शरदने अक्कांना गळ घातली. "तीन रिळं आहेत. पहिल्यात मामा नुसते हसतायत, खिदळतायत. तेवढं बघ आणि ऊठ. दुसरं लागायच्या आत मी स्वतः तुला बाहेर आणतो." बऱ्याच नकारांनंतर अक्का हो म्हणाल्या. आयुष्यात एकदा तरी त्यांनी भावाला पडद्यावर धडधाकट बघावं, एवढीच आमची इच्छा होती.

रविवारी सकाळी निघालो. पहिला थांबा उल्हासनगर कॅम्प १. इथे येणार असाल तर उपाशीपोटी या. दाल-पकवानच्या गाडीवर कुरकुरीत पकवान, वर घट्ट डाळ, कांदा, चिंचेची चटणी. एका प्लेटमध्ये दोघांचं भागतं असं शरद म्हणाला आणि स्वतः दोन खाल्ल्या. शेजारीच गोपीभाईंचं भाड्याने प्रोजेक्टर आणि रिळं देण्याचं दुकान. गोपीभाई सिंधी, गोल चेहऱ्याचे, मराठी बिनधास्त.

"मशीन घेऊन मी रिक्षाने डायरेक्ट बदलापूर पोचतो. रिळं तुम्ही संभाळा, भाभी. आणि धूप मत लगने देना."

डबे चांगलेच जड होते. अंबरनाथपर्यंतच्या रस्त्यात खड्डे इतके की प्रत्येक खड्ड्याला ते माझ्या मांडीत रुतायचे. काड्यापेटीच्या कारखान्यापाशी मी जाहीर केलं की आता पिशवी स्कूटरच्या हुकला अडकवा नाहीतर मला इथेच उतरवा.

अंबरनाथला आलात तर शिवमंदिर चुकवू नका. बाहेरच्या काळ्या दगडावरचं कोरीवकाम बघताना मान दुखते. मी देवळामागे नर्तकीच्या मूर्ती बघत रेंगाळले, तोवर शरद पिशवी घेऊन गाभाऱ्याच्या पायऱ्या उतरून दर्शन करून आला. बाहेर उसाचा रस प्यायलो आणि पुढे निघालो.

बदलापूरला रेल्वेचं फाटक बंद होतं. भातखाचरं, त्यामागे डोंगर, हवा अशी की डोंबिवलीचं नाक उघडलं. आता तिथे इमारतीच इमारती आहेत. तेव्हा कुळगावात शिरताना कोंबड्या वाट अडवत. शाळेचा हॉल गच्च भरला होता. खिडक्यांवर घोंगड्या टांगून अंधार केलेला, पडद्याला पांढरं धोतर, मामांच्या फोटोला झेंडूचा हार. बारवी धरणाकडच्या पाड्यांवरूनही माणसं आली होती. अक्का पहिल्या रांगेत, नवं नऊवारी नेसून, बोटं एकमेकांत घट्ट अडकवून.

गोपीभाईंनी पिशवी उघडली. "भाभी, डबे दोनच?"

शरदचा चेहरा मी अजून विसरले नाही. "मी पहिलं रीळ पिंडीपाशी ठेवलं होतं," तो म्हणाला. "मुहूर्ताला."

परीक्षेचं हॉल तिकीट, नवीन किल्ली, पहिला पगार, सगळं देवाच्या पायाशी ठेवणारं हे खानदान. सिनेमाचं रीळ तरी कसं सुटणार! मी काही बोलायच्या आत स्कूटर अंबरनाथच्या रस्त्याला लागली होती.

लोक चुळबुळायला लागले. संध्याकाळी हॉल रिकामा करून द्यायचा होता. मी पाणी आणायला बाहेर गेले तेवढ्यात गोपीभाईंनी आपल्या बुद्धीने दुसरं रीळ लावून मशीन सुरू केलं. "स्टोरी तर सगळ्यांना माहीत आहे ना!" मी तांब्या टाकून धावले. पडद्यावर मामा पुलावर उभे होते. मी अक्कांचा हात धरून त्यांना उठवेपर्यंत गोळी लागली होती.

अक्का किंचाळल्या नाहीत. पडद्याकडे पाठ करून भिंतीशी जाऊन बसल्या. मी "चला, बाहेर जाऊ" म्हटलं तर मानेनेच नको म्हणाल्या. त्या वेळी मला शरदचा, गोपीभाईंचा आणि स्वतःचाही इतका राग आला की रडूच फुटलं.

उरलेलं रीळ संपता संपता शरद घामाघूम होऊन आत आला. हातात डबा, डब्यावर भस्माचे पट्टे आणि बेलाचं पान. गुरवाने बिचाऱ्याने रिळाची पूजा करून ठेवली होती.

"आता काय उपयोग? तिसरं लावतो," गोपीभाई म्हणाले.

मागून कोणीतरी ओरडलं, "आनलाय तं लावा ना! एवढा लांबून आनलाय."

आणि पहिलं रीळ लागलं. पडद्यावर धूळ उडाली, घंटी वाजली, आणि मधूमामा सायकलवरून शीळ घालत आले.

मग एक म्हातारा म्हणाला, "आरे, आत्ता मेलता ना तो? परत कसा आयला?"

हशा उसळला, टाळ्या पडल्या. त्या गोंधळात अक्का वळल्या. पडद्यावर मामा सायकल भिंतीला टेकवून हसत होते, कुळगावच्या दारात उभे राहायचे अगदी तसेच. अक्का कितीतरी वेळ बघत राहिल्या. मग माझ्या कानाशी म्हणाल्या, "भाकरी आहे का गं कोणाकडे?"

पाड्यावरच्या एका बाईने फडक्यातली तांदळाची भाकरी काढून दिली. अक्का तुकडा आणि तांब्या घेऊन पडद्यासमोर गेल्या. मशीनच्या उजेडात त्यांचा हात मामांच्या चेहऱ्यावरून फिरला. पाणी ओवाळून झालं. "मेलास ना?" त्या मोठ्याने म्हणाल्या. "ये आता आत." आणि वर्षभर अडवलेलं सगळं रडून मोकळ्या झाल्या. मग डोळे पुसून खुर्चीत बसल्या आणि पूर्ण रीळभर भावाच्या प्रत्येक विनोदाला हसल्या. तिसरं रीळ लावू द्यायला कोणी तयारच होईना.

अंधार पडायच्या सुमाराला डोंबिवली गाठली. माझ्या मांडीवर रिकामी पिशवी आणि अक्कांनी दिलेली वालाच्या शेंगांची पुरचुंडी. शरद वाटभर "देवाचीच इच्छा" असं म्हणून स्वतःची बाजू सावरत होता, आणि खरं सांगायचं तर मीही वाद घातला नाही.

अक्का नंतर बरीच वर्षं जगल्या आणि दर वर्षी मामांच्या श्राद्धाला तो सिनेमा याच क्रमाने लावायला लावत. आता त्याही नाहीत. सिनेमा फोनवर आहे, सुरुवातीपासून सरळ बघता येतो. आम्ही नाही बघत. मधूनच लावतो, पुलावर गोळी लागू देतो, आणि मग सुरुवातीला जातो. सायकलची घंटी वाजली की मी स्वयंपाकघरातून तुकडा आणि तांब्या घेऊन येते. मेलात ना, मामा? या आता आत.