हाकेचं नाव

चंद्रामावशी नाव पारखायची ती खाडीच्या काठावर उभी राहून. पूर्णगडात कुणाकडे मूल झालं की बारशाआधी माणसं आमच्या शेजारी, तिच्या मागीलदारी यायची आणि सुचलेली चार-पाच नावं सांगायची. मावशी पदर खोचून पायऱ्या उतरायची, तोंडाशी दोन्ही हात धरायची आणि एकेका नावाने पाण्यावर हाक मारायची. दूरच्या होडीतल्या कुणी मान वर केली की ते नाव पास. नाहीतर हात झटकून सांगायची, “नाव बरां हाय गो, पन हाक जात नाय. उद्या पोर दर्यावर गेला तर बोलवायचा कसा?”

अर्ध्या गावाची नावं अशी ठरली होती आणि मला ते बघवत नव्हतं. मी लांज्याच्या शाळेत संस्कृत शिकवते, शनिवार-रविवार घरी येते. नाव कुठून आलं, त्याचा अर्थ काय, हे मला विचारावं. पण माझ्या दारावरून माणसं चौथी शिकलेल्या मावशीकडे जायची. एकदा मी तिला सुनावलंही, “अर्थ न बघताच नावं ठेवतेस तू.” सुका जवळा निवडत ती म्हणाली, “अर्थ पोर मोठा होऊन लावील त्याचा तो. हाक आयशीला मारायची असते.” माझा राग आणखीच वाढला.

दादाला लग्नानंतर अकरा वर्षांनी मुलगी झाली. मी लग्न केलेलं नाही. उभ्या आयुष्यात एकच नाव ठेवायचा हक्क माझ्या वाट्याला आला होता, आत्याचा. मी ‘अनसूया’ ठरवलं. अत्रिऋषींची पत्नी, दत्तात्रेयांची आई. असूया म्हणजे दुसऱ्याचं चांगलं न बघवणं; ती जिच्या मनाला शिवत नाही ती अनसूया. माझ्या आजोळी या नावाची एक पणजी होती, तिला सगळे अनशी म्हणत. मी हे सगळं दादाला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, “छान आहे गं. पण तुझ्या वहिनीने आधीच मावशीला विचारलंय. रेवा ठरलं. हाक फार लांब जाते म्हणे.” मी फोन ठेवला आणि रडले. माझं नाव कुणी काठावर नेऊनसुद्धा बघितलं नव्हतं.

बारशाला गेले ती जळतच. मावशी जरीचं लुगडं नेसून पाळण्याशी उभी, जसा काही सगळा मान तिचाच. बाळाच्या कानात नाव सांगायची वेळ झाली. मी वाकले, “कुर्र्र” केलं आणि रेवाच्या जागी हळूच म्हणाले, “अनसूया.” तोवर रिवाजाप्रमाणे बायकांचे धपके माझ्या पाठीत बसलेच. सगळ्यांत जोरात मावशीचा. डोळ्यांत पाणी आलं. वर बघितलं तर ती माझ्याकडे टक लावून बघत होती. तिने ऐकलं होतं. आता ही सगळ्यांसमोर बोलणार म्हणून मी पाळण्याची कड घट्ट धरली. पण पाळण्याची दोरी माझ्या हातात देत ती एवढंच म्हणाली, “हालव गो आत्या.”

सात वर्षं ती बोलली नाही, आणि तिच्या न बोलण्याचाही मला रागच यायचा. पोरगी रेवा म्हणून मोठी झाली. मावशीच्या एका हाकेला धावत जायची, माझ्या तीन हाकांना जागची हलायची नाही.

यंदा मावशीने अंथरूण धरलं. एका दुपारी रेवाला घेऊन मी तिच्याकडे गेले. रेवा ओटीवर मांजराशी खेळत बसली, तशी मावशी म्हणाली, “बाय, तू कानात सांगितलास ता नाव मी आयकला व्हता.”

मी ओटीकडे बघितलं. रेवाचं लक्ष मांजरातच होतं.

“दुसऱ्या दिशी काठावर जाऊन हाक मारली त्या नावान. लय लांब गेली गो. रेवापेक्षा लांब.”

“मग तेव्हाच का नाही सांगितलंस?”

“नाय सांगितला. मना भाऊ नाय. गावभर नावां दिली मी, पन कानात सांगायला वाकायची ती आत्या. मी आपली मागं उभी ऱ्हायची नि धपके घालायची. तुला जोरात घातला तो उगाच नाय.” जरा दम घेऊन तिने विचारलं, “अर्थ काय गो त्या नावाचा?”

वर्गात सांगते तसाच सांगितला, फक्त मान खाली घालून. मावशी बोळक्या तोंडाने हसली. “मंग आपल्या दोघींतल्या कोनालाच चालायचा नाय ता.”

त्यानंतर पंधरा दिवसांनी ती गेली. पण त्या दुपारचं थोडं सांगायचं राहिलंय. मी रेवाला आत बोलावलं, मावशीला आधार देऊन बसवलं आणि म्हटलं, “रेवा, कान इकडे कर.” मावशी वाकली, “कुर्र्र” म्हणाली. पुढे नाव कुठलं घेतलं ते मला ऐकू आलं नाही. मी तिच्या पाठीत हलकेच धपका घातला. हाताला नुसती हाडं लागली.

“जोरात मार गो,” मावशी म्हणाली.