हँडल सरळ करणारे काका

"गारीला काय नाय झायलं. पोरगी लाजते, म्हनून ती पन लाजते," शिरवणे गावातले मेकॅनिक काका शेजारच्या चहावाल्याला सांगत होते. मी मागेच उभी आहे हे त्यांना ठाऊक असावं.

माझी मोटरसायकल आमच्या सोसायटीत अधूनमधून मुकी व्हायची आणि काकांसमोर लगेच सुरू व्हायची. ही तिसरी खेप होती. आजही दोष सापडला नाही, तर बाबा रविवारी ती विकणार होते.

काका मालकाला काही विचारत नाहीत, थेट गाडीला विचारतात. "काय गो, कुठं दुखतं?" टाकीवरून फडकं फिरवतात, वर्गात उभं केल्यासारखं हँडल सरळ करतात, "नीट उभी रा" म्हणतात आणि मगच बटण दाबतात. तिरक्या हँडलची गाडी त्यांना बघवत नाही.

मी मात्र पार्किंगमध्ये हँडल डावीकडे वळवून लॉक करते, आणि कधीकधी लॉक काढून तसंच बटण दाबते. आज सकाळी दोनदा करून पाहिलं. हँडल डावीकडे असताना गाडी मुकी, सरळ केलं की सुरू. आत कुठली तरी वायर ताणली जात असणार.

घरी आम्ही मराठी बोलत नाही, त्यामुळे हे काकांना कसं सांगायचं, ते वाक्य मी रस्ताभर मराठीत जुळवत आले होते. त्यांनी फडकं खांद्यावर टाकलं आणि हात हँडलकडे नेला.

"काका," चहावाल्यालाही ऐकू जाईल इतक्या जोरात मी म्हणाले, "तिला सरळ करू नका. वाकडी असतानाच विचारा."