पाठ फिरवून ऐकणारे मामा

पिरंगुटच्या गॅरेजवाल्या मामांनी माझी जुनी गाडी मातीवरच्या शर्यतीसाठी तयार केली होती. मी आयटीत नोकरी करणारा, रविवारी हौस भागवणारा. मामा प्रत्येक शर्यतीला यायचे, पण मैदानाकडे पाठ करून ऑइलच्या रिकाम्या डब्यावर बसायचे आणि नुसतं ऐकायचे. मी परतलो की चहा फुंकत म्हणायचे, "तिसऱ्या वळनाला गिअर लई उशिरा टाकला तुमी." ते कधी चुकायचे नाहीत.

मुठ्याजवळच्या माळावर एका शर्यतीत, भर वेगात तिसऱ्या गिअरवरून दुसरा टाकताना माझ्याकडून पहिला पडला. इंजिन किंचाळलं आणि बंद पडलं. मामांनी ते ऐकलं नसेल, हे शक्यच नव्हतं.

गाडी ढकलत आणली. दोन मित्र पुढे आले. तेही आपापल्या गाड्या मामांकडेच देणार होते.

"काय झालं रे?" एकानं विचारलं.

"मामांनी इंजिनाचा टायमिंग बेल्ट नीट बसवला नव्हता, तो सटकला," मी म्हणालो.

मामा उठले. माझ्याकडे न बघता त्यांनी बॉनेट उघडलं आणि इंजिनावर हात ठेवला.

"आसंल," ते म्हणाले. "माज्याकडनं ऱ्हायला आसंल."

मित्रांनी गाड्या दुसरीकडे दिल्या. मामांनी पंधरा दिवस खपून माझ्या इंजिनाचे वाकलेले व्हॉल्व्ह बदलले. खरं सांगायचं ठरवूनच मी गाडी न्यायला गेलो. त्यांनी किल्ली हातात दिली.

"बेल्ट बसवलाय. एकदा तुमच्या डोळ्यानं बगून घ्या."

मी वाकलो, बघितल्यासारखं केलं आणि "ठीक आहे" म्हणालो.