गोदाबाईंना आधी वाढायचं होतं

गोदाबाईंना कुणी गरम गरम जेवताना पाहिलं असेल, तर त्याने हात वर करावा. त्यांच्या पोटच्या पोरीनेही पाहिलेलं नाही. घरात मासळी शिजली की मधल्या तुकड्या पुरुषांना, मग मुलांना, आणि सगळे हात धुऊन उठले की ह्या बाई उरलेलं कालवण नि शेपटी घेऊन बसणार. वर म्हणणार, "मला शेपटीच आवडते गो." आता ह्याला काय म्हणावं?

मुलीला, दीपालीला, ह्याचा लहानपणापासून संताप. एकदा तरी आईने सगळ्यांच्या आधी, वाफाळता अख्खा मासा एकटीने खावा, एवढाच तिचा हट्ट. घरी ते जमणं शक्य नव्हतं. म्हणून ती नवऱ्याला आणि आईला घेऊन आरे-वारेच्या रस्त्यावरच्या नव्या, महागड्या मेक्सिकन सीफूडच्या हॉटेलात आली. तिथे आईला उठून जायला स्वयंपाकघर तरी नव्हतं.

पण सवय का कुणी घरी ठेवून येतं? वेटरने तळहाताएवढ्या मक्याच्या भाकरीवर रचलेली कोळंबी आधी गोदाबाईंपुढे ठेवली. त्यांनी ती जावयाकडे सरकवली. "आधी निलेशरावांना." निलेशने परत त्यांच्याकडे सरकवली. बशी नुसती टेबलावर हिंडत राहिली. मग लिंबाच्या रसात मुरवलेला कच्चा मासा आला. तो बघून गोदाबाई हळूच म्हणाल्या, "ह्यांचा गॅस संपला काय गो?"

शेवटी तांबोशी मासळी आली. प्रत्येकाला एक, उभी चिरून उलगडलेली, एका अंगाला लाल वाटण, दुसऱ्याला हिरवं, निखाऱ्यावर भाजलेली.

"आई, ही तुझी. कुणाला द्यायची नाही."

"बरं," म्हणेपर्यंत गोदाबाईंनी काटे काढून मधला भाग जावयाच्या ताटात घातलासुद्धा. निलेश बँकेतला चांगला चाळिशीचा अधिकारी, पण सासूपुढे त्याचं काही चालेना. मग वेटरला, "तू जेवलास काय रे?" मग दीपालीला, "तुझ्या बाबांनी आमटी गरम करून घेतली असेल ना?"

दीपालीचं डोकंच फिरलं. तिने निलेशला बाहेरच्या टेबलावर पिटाळलं.

"जावयाला भरल्या ताटावरून उठवलंस?"

"ताट घेऊनच गेलाय तो. आता वाढायला कुणी नाही. जेव."

"तू कुठे जेवलीस?"

दीपालीने आपल्या ताटाकडे पाहिलं. आईवर पहारा ठेवता ठेवता तिचा मासा निवून गेला होता.

"पोर उपाशी बसल्यावर माझ्या घशाखाली घास उतरेल काय?"

पालथ्या घड्यावर पाणी. दीपालीने रागारागाने ताट संपवलं. तेव्हा कुठे गोदाबाईंनी आपलं पुढे ओढलं. म्हणजे जेवल्या त्या शेवटीच, आणि गारच.

पण जेवल्या. भराभर, मान खाली घालून, एक पाय खुर्चीबाहेर ठेवून, कुणी हाक मारली तर चटकन उठता यावं म्हणून. डोकं, शेपटी, कडेचा करपलेला मसाला, काही म्हणून सोडलं नाही. दोन घासांमध्ये बोलल्याही नाहीत. दीपाली बघत राहिली. सगळ्यांची जेवणं होईपर्यंत आईला भूक लागलेली असायची, हे इतक्या वर्षांत तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

निलेश दारातून डोकावला. दीपालीने त्याला हातानेच तिथे थांबवलं.