लाल गाडीची थरथर

मिस्त्रींना धाकटी बहीण एकच, आणि त्यांच्या पोटातलं दुखणंही तेवढं एकच. वडिलांनी आपल्याला इंजिनाशी बसवून ठेवलं आणि तिला पुस्तकं आणून दिली, हे ते विसरले नव्हते. आता दोन गल्ल्या सोडून तिचं स्वतःचं गॅरेज होतं. फरशी लख्ख, हत्यारं भिंतीवर ओळीने. आपलं एखादं गिऱ्हाईक तिच्या दारात दिसलं की मिस्त्री घरी येऊन ताटावर चिडचिड करत.

"बहीण आहे तुमची, सवत नव्हे," बायको म्हणायची.

त्यात ती लाल गाडी आली. दातांच्या डॉक्टरांची, दोन दारांची, टर्बोवाली, पंचवीस वर्षं जुनी. पळताना बाणासारखी, पण सिग्नलला उभी राहिली की हुडहुडी भरल्यासारखी थरथरायची आणि मधेच बंद पडायची. मिस्त्रींनी प्लग बदलले, कॉइल बदलल्या, थ्रॉटलवरचा काळा चिकटा पुसला, हवा मोजणारा सेन्सर साफ केला. थरथर जिथल्या तिथे.

चौथ्या दिवशी डॉक्टर चाचरत म्हणाले, "राग मानू नका, एकदा तुमच्या बहिणीला दाखवू का?"

"दाखवा की!" मिस्त्री हसून म्हणाले. डॉक्टरांची पाठ वळताच हातातला पाना त्यांनी असा आपटला की टेबलाच्या पत्र्याला खड्डा पडला.

दुसऱ्या दिवशी बहिणीचा फोन. "दादा, येतोस? गंमत दाखवते."

तिच्याकडे धुराचं यंत्र होतं. बंद इंजिनाच्या हवेच्या वाटेत धूर सोडायचा. तो जिथून बाहेर येईल तिथे गळती. बघता बघता इंजिनाच्या तळातून पांढरी रेघ वर आली. करंगळीएवढी रबरी नळी तडकली होती.

"इथून चोरटी हवा शिरते, सेन्सरला पत्ताच नसतो," ती म्हणाली. "फार आडजागी आहे, दादा. तुला दिसलीच नसती."

समजुतीच्या त्या सुराने मिस्त्रींच्या अंगाची आग आग झाली.

नळी बदलली, गाडी सुरू केली. थरथर गेली. डॉक्टर तर टाळ्या वाजवायचेच बाकी होते. पण इंजिनाचे फेरे दाखवणारा काटा अजून किंचित झुलत होता, आणि इतक्या दिवसांच्या खडखडाटात जो ऐकूच आला नव्हता तो बारीक सुस्कारा आता मिस्त्रींच्या कानी आला. टर्बोचा जास्तीचा दाब सोडणारी झडप. तिच्या आतला पडदा फाटलेला. हवा एका पाइपातून दुसऱ्यात आतल्या आत जात होती. बाहेर धूर दिसणार तरी कसा?

"कसं वाटतंय?" बहिणीने विचारलं.

"छान," मिस्त्री म्हणाले, आणि शीळ घालत घरी गेले.

मग तिच्या गल्लीतून त्यांच्या उगाच फेऱ्या सुरू झाल्या. तिसऱ्या दिवशी लाल गाडी खरंच परत आलेली. बहीण गुडघे टेकून धूर सोडत होती, धूर कुठूनच येत नव्हता, आणि डॉक्टर सारखे घड्याळ बघत होते. हेच बघायला तर मिस्त्री आले होते. पण तिच्या मानेवरचा घाम बघून त्यांना मजा येईना.

"इंजिन चालू कर," ते आत शिरत म्हणाले. झडपेकडे जाणारी नळी त्यांनी चिमट्याने दाबली. काटा खिळल्यासारखा थांबला. सोडली, पुन्हा झुलू लागला.

डॉक्टर फोनवर बोलायला बाहेर गेले, तशी ती हळूच म्हणाली, "परवाच कळलं होतं ना तुला? ऐकताना तुझी मान वाकडी होते."

मिस्त्रींना खोटं बोलवेना. "तुझं कौतुक चाललं होतं. बघवलं नाही मला."

तिने त्यांच्या हातातला चिमटा काढून घेतला. "बाबा म्हणायचे, कान तुझ्या दादाला आहे, तू आपली पुस्तकं वाच. मला किती राग यायचा तुझा! ते यंत्र मी हौसेने घेतलंय असं वाटलं तुला?"

नवी झडप दोघांनी मिळून बसवली. मग तिने त्यांना बॉनेटपाशी उभं केलं. "आता सांग, काय काय ऐकू येतं ते. एकेक."

मिस्त्री सांगत गेले: हा पट्ट्याचा आवाज, हा इंजेक्टरचा, हा टर्बोचा. ती डोळे मिटून ऐकत होती. पण बारीक आवाज धरायचा तर मोठा आधी कानाबाहेर कसा करायचा, ती खूण मात्र त्यांनी त्या दिवशी तरी स्वतःपाशीच ठेवली.